आधी मतदान, मग न्याहारी. पण न्याहारी करायची कुणी?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत २०२४ साली सहा-सात महिन्यांच्या अंतरानं दोन मोठ्या निवडणुका झाल्या. ७ मे रोजी लोकसभेचं मतदान आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं. दोन्ही वेळा घरोघरचे फोन वाजत राहिले. कधी नेत्याचा ध्वनिमुद्रित आवाज, कधी प्रचार कार्यालयात यादी पुढ्यात घेऊन बसलेला एखादा पोरगा. आधी उमेदवाराचं नाव, मग चिन्ह आणि शेवटी ठरलेली विनंती: ‘ताई, सकाळी लवकर मतदान करून घ्या.’ जोडीला ती सर्वपक्षीय घोषणा होतीच, आधी मतदान, मग जलपान.

घोषणा ऐकायला गोड आहे. पण ती रचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आयतं जलपान पुढ्यात येणारा माणूस आहे, हे उघड दिसतं. मतदान सकाळी सात वाजता सुरू होतं. त्या वेळी इंदापूरच्या एखाद्या वस्तीवरची बाई काय करत असते? गोठ्यातलं शेण काढून, धारा काढून दूध डेअरीला गेलेलं असतं किंवा जायचं असतं. चूल पेटलेली असते, भाकरी थापायच्या असतात. आणि २०२४ च्या मे महिन्यात तर पाण्याचाही प्रश्न होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारनं दुष्काळी म्हणून जाहीर केलेल्या तालुक्यांत बारामती आणि इंदापूर दोन्ही होते. जिरायत भागात टँकर कधी येईल त्यावर बाईचा दिवस ठरतो, मतदान केंद्राच्या वेळेवर नाही. घरातला पुरुष चहा घेऊन सात वाजता रांगेत उभा राहू शकतो. बाई सगळ्यांचं आटोपून अकरा-बारा वाजता, भर उन्हात निघते. म्हणजे लवकर मतदान करण्याचं आवाहन दोघांना सारखंच असलं, तरी ते पाळण्याची सोय एकालाच आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ या. अमेरिकेत लवकर मतदान म्हणजे निवडणुकीच्या काही दिवस, काही आठवडे आधी केंद्रावर जाऊन मत देण्याची सोय. आपल्याकडे सर्वसामान्य मतदाराला तशी सोय नाही. टपाली मतदान ठरावीक लोकांनाच मिळतं. २०२४ च्या लोकसभेपासून ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देण्याची सोय देशभर झाली. ती स्वागतार्हच. बाकी सगळ्यांना एकच दिवस आणि सकाळी सात ते संध्याकाळी सहा हे अकरा तास. सहाच्या आत रांगेत उभं राहिलेल्या प्रत्येकीला मत देता येतं, हेही फोनवरचा आवाज कधी सांगत नाही. त्यानं ते का सांगावं? त्याला घाई वेगळ्याच कारणासाठी असते.

गावाकडे कार्यकर्ते ‘मतदान काढणं’ असा शब्द वापरतात. विहिरीतून पाणी काढावं तसं. केंद्राबाहेर यादी घेऊन बसलेली पोरं कोण येऊन गेलं त्यावर खुणा करतात. दुपारपर्यंत ‘आपली’ मतं किती झाली याचा हिशेब लागतो आणि राहिलेल्यांना पुन्हा फोन जातात, दारात गाडी उभी राहते. मतदारांना फुकट वाहनातून केंद्रावर नेणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार भ्रष्ट आचार आहे. हे सगळ्या पक्षांना ठाऊक आहे आणि गाडी तरीही येते. सकाळीच ‘पक्की’ मतं उरकली, की दुपार कुंपणावरच्यांसाठी मोकळी राहते. लवकर मत द्या, यामागे लोकशाहीची कळकळ कमी आणि हा हिशेब जास्त आहे.

आणि फोन नेमका कुणाला जातो? मतदारयादीत बाईचं नाव असतं, सोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव असतं. छापील यादीत फोन नंबर नसतो. मग तो पक्षांकडे येतो कुठून? बचत गटाच्या नोंदीतून, योजनेच्या अर्जातून, गॅसच्या कार्डावरून? हा प्रश्न आपण प्रत्येक पक्षाच्या स्थानिक कार्यालयात जाऊन विचारायला हवा. शिवाय कित्येक घरांत अर्जावर लिहिलेला नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. ‘ताई’ म्हणून आलेला फोन दादाच उचलतो आणि ‘हो, आमच्या घरातली पाचही मतं सकाळीच होतील’ असं सांगून टाकतो. ताईला कुणी विचारलेलंच नसतं.

२००८ साली पेनसिल्व्हेनियात अभ्यासकांनी केलेला एक प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. नुसतं ‘मत द्या’ न म्हणता त्यांनी फोनवर विचारलं: तुम्ही किती वाजता जाणार, कुठून निघणार, त्याआधी काय करत असाल? मतदान वाढलं, पण मुख्यतः ज्या घरात एकच मतदार होता तिथे. आपल्या वस्त्यांवर एका घरात पाच-सात मतदार आणि एक फोन असतो. तिथे बाईला तिचा बेत विचारायचा तर तिच्यासमोर बसूनच विचारावा लागेल.

लोकसभेच्या त्या लढतीत दोन्ही प्रमुख उमेदवार बायका होत्या, सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार. तरीही सारी चर्चा नणंद-भावजय, लेक की सून अशीच रंगली. ‘मूळ पवार’ आणि ‘बाहेरून आलेले पवार’ असा भेद शरद पवारांनी केला तेव्हा त्यावर टीका झाली, ती योग्यच होती. पण सुनेला मत द्या, लेकीला देऊ नका, असं म्हणणारेही नात्याच्याच चौकटीत बोलत होते. बाहेरून आलेली नाही अशी विवाहित बाई आपल्या गावात असते तरी किती? ती बाहेरून येते म्हणूनच तिचं नाव बरेचदा माहेरच्या यादीत राहतं आणि सासरच्या केंद्रावर सापडत नाही. पत्ता बदलण्याचा आठ नंबरचा अर्ज भरून द्यायला कुणी फोन करत नाही. तो मतदानाच्या बराच आधी करावा लागतो आणि त्यात कुणाच्या चिन्हाचा फायदा दिसत नाही. विधानसभेच्या वेळी मात्र सगळ्याच फोनना बहिणी आठवल्या. जुलै २०२४ पासून महिना १५०० रुपयांची योजना लागू झाली होती आणि आचारसंहितेच्या आधी दोन महिन्यांचे हप्ते एकदम जमा झाले होते. पैसे सरकारी तिजोरीतले, त्यावर बाईचा हक्कच आहे. तो कुणाच्या मताचा विसार नव्हे.

बाईच्या मनातली भीती मात्र खोटी नाही. मत गुप्त असतं, पण केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात आणि छोट्या वस्तीनं कुणाला मत दिलं ते सगळ्यांना कळतं. २०१४ साली बारामती तालुक्यातल्या मासाळवाडीत, मत दिलं नाही तर पाणी तोडू, अशी धमकी दिल्याची तक्रार झाली होती. आरोप नाकारला गेला. पण पाणी भरणाऱ्या बाईला असल्या बोलण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर यंत्र वापरावं, अशी शिफारस विधी आयोगानं २०१५ मध्ये केली. केंद्र सरकारनं तिला विरोध केला. लवकर मत द्या म्हणून फोन करणाऱ्या एकाही पक्षानं याचा आग्रह धरलेला दिसत नाही.

नोव्हेंबरच्या निवडणुकीत आणखी एक गट पूर्ण निसटला. गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला, मतदान २० ला. बीडकडून सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरच्या भागात कोयता घेऊन आलेल्या जोडप्यांचं मत तिकडे, गावाकडे. पालावरच्या बाईला पहाटे फडात जायचं असतं, तिला लवकर काय आणि उशिरा काय. या मजुरांसाठी कामाच्या ठिकाणीच मतदानाची सोय मागायला हवी.

पुढच्या निवडणुकीआधी आपल्या गटांना करता येण्यासारखं काम आहे. नव्या सुनांची नावं यादीत तपासायची. केंद्रावर सावली, पाणी, लेकरं सांभाळायला कुणीतरी हवं, असा अर्ज तहसीलदारांकडे द्यायचा. आणि मळेवाले, मुकादम यांना आठवडाभर आधी लेखी कळवायचं, की कलम १३५ ब नुसार रोजंदारीवरच्या बाईलाही मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी आहे. सुट्टी न देणाऱ्या मालकाला दंड आहे जास्तीत जास्त ५०० रुपये. ही रक्कम वाढवून घेण्याची मागणीही त्याच पत्राच्या खाली लिहायची.