'नागरिक' नव्हे, 'व्यक्ती'!

खुनाच्या आरोपीलाही गुन्हा सिद्ध होईपर्यंत कायदा निर्दोष मानतो. आसाममध्ये मात्र ज्याच्यावर परकीय असल्याचा संशय येतो, त्यालाच आपण भारतीय आहोत हे सिद्ध करावे लागते. इंग्रजांच्या १९४६ च्या कायद्याने लादलेले हे ओझे २०२५ च्या नव्या कायद्यानेही उतरवलेले नाही. ज्यांना ते पेलत नाही, त्यांची रवानगी स्थानबद्धता छावणीत होते. आधी या छावण्या तुरुंगांतच होत्या. २०२३ पासून गोवालपाड्यातील मटिया येथे स्वतंत्र छावणी आहे. कैद्याला सुटकेची तारीख असते. ज्याला कोणताच देश आपला म्हणत नाही, त्याला ती कोण देणार? दोन वर्षे स्थानबद्ध असलेल्यांना सशर्त सोडा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. म्हणजे कोणताही गुन्हा न करता दोन वर्षे!

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, हे खरे. पण नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात आपण १९७९ मध्ये, काही बाबी राखून का होईना, सामील झालो. त्याचे कलम ९ मनमानी स्थानबद्धतेला मनाई करते. ऑस्ट्रेलियाच्या प्रकरणात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९७ मध्ये स्पष्ट केले, की केवळ बेकायदा प्रवेश हे दीर्घकाळ डांबण्याचे कारण होऊ शकत नाही.

आणि आम्हाला जिनिव्हाकडे तरी कशाला पाहावे लागते? संविधानाचे कलम २१ 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणते. चकमांच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले. अटकेचे कारण, वकील आणि चोवीस तासांत दंडाधिकारी हे हक्क देणारे आजचे कलम २२ बाबासाहेबांनीच सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत मांडले होते.

कागद कुणाकडे नसतात? भूमिहीनाकडे, पुरात घर गेलेल्याकडे, लहानपणीच लग्न झालेल्या निरक्षर बाईकडे. पिढ्यान्पिढ्या ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता, त्या समाजाला कागद नसणे म्हणजे काय, हे कुणी सांगायला नको. नुसत्या संशयावरून नोटीस काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बजावले आहे. ते पाळले जावे, प्रत्येकाला मोफत वकील मिळावा, ज्याला परत पाठवता येत नाही त्याला मुक्त करावे, अशी आमची मागणी आहे. आज 'व्यक्ती' हा शब्द आसामात पुसला गेला आणि आपण गप्प बसलो, तर उद्या आपल्या वस्तीत तो शाबूत राहील काय?