सांगड
(द्वितीय वर्ष, कला)

‘परंपरा की आधुनिकता?’ हा विषय वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी या ना त्या रूपाने असतोच. एक वक्ता जुन्याची आरती ओवाळतो, दुसरा नव्याची. टाळ्या दोघांनाही पडतात आणि ढाल घेऊन आपण घरी जातो. मीही एकदा नव्याच्या बाजूने बोललो आहे. पण आमच्या घरी हा विषय होडीचे रूप घेऊन आला, तेव्हा माझे ते भाषण काही कामाला आले नाही.

आमचे गाव इंदापूर तालुक्यात, भिगवणजवळ, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील, म्हणजे आमचे नाना, मासेमारी करतात. पहाटे जाळी काढायची, चिलापी, कटला, रोहू जे मिळेल ते भिगवणच्या बाजारात पोचवायचे, आणि त्यातून माझ्या बारामतीच्या एस. टी. पासाचे पैसे बाजूला काढायचे, असा आमचा जमाखर्च आहे. त्या जमाखर्चाखाली जर काही असेल तर ती होडी.

आबांच्या, म्हणजे आजोबांच्या तरुणपणी इथे धरण नव्हते. उन्हाळ्यात भीमा पायी ओलांडता येई आणि पुरात गुळाच्या काहिलीत बसून पैलतीर गाठावा लागे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. नदीचा समुद्र झाला, गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर आजही पाणी ओसरले की वर येते आणि लोक ते पाहायला गर्दी करतात. आबांनी तेव्हा आंब्याच्या फळ्यांची होडी करून घेतली होती. फटींत कापूस ठोकायचा, वरून डांबर फासायचे. दरवर्षी हे काम निघायचेच. पुढे चांगले लाकूड महाग झाले, होडी बांधणारे सुतार दुसऱ्या कामाला लागले आणि आमच्याकडे पत्र्याची होडी आली. वेल्डिंगच्या दुकानात चार दिवसांत तयार! गळत नाही, डांबर नको. सगळ्यांना वाटले, पीडा गेली.

आबा मात्र म्हणत, “लाकूड बुडत नसतंय. पत्र्याचा काय भरवसा?” म्हातारपणी माणूस जुन्याला धरून बसतो, असे म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेले.

उजनीचा वारा हा नदीचा वारा नव्हे. एवढ्या मोकळ्या पाण्यावर वळवाचे वादळ सुटले की लाटा उठतात. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून आमच्या तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळात उलटली आणि ६ जणांना जलसमाधी मिळाली. त्या बातमीने काठावरचे प्रत्येक घर हादरले. पुढच्याच उन्हाळ्यात तसाच वारा नाना आणि चुलते पाण्यावर असताना सुटला. दोन लाटा आत आल्या, तिसरीला होडी भरली आणि पायांखालून दगडासारखी तळाला गेली. जाळ्याच्या टोकाला खुणेसाठी बांधलेला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन जवळ होता. दोघे भाऊ त्या कॅनला धरून पाण्यात राहिले आणि दुसऱ्या होडीने त्यांना काठावर आणले. त्या रात्री आई चुलीपुढे बसून होती, पण चूल पेटली नव्हती.

आबांचे बोलणे मला तेव्हा समजले. त्यात भावनेचा भाग नव्हता, पदार्थविज्ञान होते. लाकूड पाण्यापेक्षा हलके, म्हणून लाकडी होडी काठोकाठ भरली तरी पाण्याच्या पातळीला तरंगत राहते आणि माणसाला धरायला काहीतरी उरते. लोखंड पाण्याच्या सुमारे आठपट जड. फायबर तेवढे जड नाही, पण तेही पाण्याच्या दीडपट. म्हणजे फायबरची होडीसुद्धा नुसती भरली तर बुडणारच. आपण लाकूड टाकले तेव्हा गळती आणि डांबर टाकले हे आपल्याला दिसले. पण लाकडाबरोबर फुकट मिळणारा जीवाचा आधारही टाकला, हे दिसले नाही.

माझे मत असे की नवे साहित्य जरूर घ्यावे, पण जुन्या साहित्यात जो गुण होता तो नव्यात हाताने परत घालावा. हे अवघड नाही. मी कला शाखेचा विद्यार्थी असूनही वहीत हिशोब मांडून पाहिला. होडी १०० किलोची धरली, तर पाण्याखाली पत्र्याच्या होडीचे वजन सुमारे ८७ किलो भरते आणि फायबरच्या होडीचे ३३ किलो. २० लिटरचा घट्ट बंद केलेला कॅन २० किलोला थोडा कमी एवढा भार उचलतो. म्हणजे पत्र्याला पाच कॅन, फायबरला दोन, आणि माणसे व जाळी यांच्यासाठी आणखी दोन-तीन. ते दोन्ही टोकांना आणि बाजूंना, काठाजवळ वर बांधावेत. तळाशी बांधले तर भरलेली होडी उलटी व्हायला बघते.

नानांनी फायबरवर आक्षेप घेतला. “हलकी होडी वारा उचलतो. पाण्यात जुन्या गावाच्या भिंती हायत, बाभळीची खोडं हायत. पत्रा चेपतो, फायबर तडकतं.” पुस्तकात न सापडणारे हे ज्ञान होते आणि ते खरे होते. म्हणून तळ रुंद आणि जाड ठेवायचा, काठाची उंची जुन्या लाकडी होडीइतकीच घ्यायची, असे ठरले. तडा गेला तर फायबरची चटई आणि रेझिन लावून घरी दुरुस्ती करता येते, वेल्डिंगवाल्याकडे होडी न्यावी लागत नाही, हे माझे म्हणणे त्यांनी मान्य केले. माझी फजितीही झाली. कप्प्यात थर्मोकोल भरून वर मी रेझिन ओतले, तर थर्मोकोल डोळ्यांदेखत विरघळला! त्या वादळानंतर नाना प्रथमच हसले ते तेव्हा.

असे प्रयत्न इतरत्रही झाले आहेत. कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर मुट्टम येथे १९८० च्या दशकात ओंडक्यांच्या कट्टुमरमऐवजी प्लायवूडच्या होड्या बांधण्याचे केंद्र चालले. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाच्या स्वस्त लाकडावर फायबरचे आवरण चढवून होड्या तयार केल्या. मग आपल्या गोड्या पाण्यासाठी हा विचार कोणी करायचा?

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना होडी व जाळ्यांसाठी अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. माझी सूचना एवढीच की अनुदानाच्या होडीची एक परीक्षा घ्यावी. काठावर ती पाण्याने काठोकाठ भरावी. तरंगली तर पास, बुडाली तर नापास. या परीक्षेला प्रयोगशाळा लागत नाही, बादली पुरते.

आणि माझ्या विद्यार्थी मित्रांनो, एक काम आपलेही आहे. काठाच्या गावांत मोडक्या लाकडी होड्या अजून कुठे कुठे पडलेल्या असतील. त्यांची मापे घेऊ, चित्रे काढू, बांधणाऱ्या म्हाताऱ्या सुतारांना बोलते करू. विज्ञान शाखेच्या मित्रांनी हिशोब तपासावेत. आमच्या गुरुजनांनी मार्गदर्शन करावे.

‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण निबंधात नेहमी वापरतो. सांगड म्हणजे नदी उतरण्यासाठी वाळलेले भोपळे किंवा लाकडे एकत्र बांधून केलेला तराफा. परंपरा आणि आधुनिकता यांची सांगड घालावी, असे लिहिताना ती बुडणाऱ्या माणसाला धरता यावी इतकी घट्ट आहे ना, एवढे आपण पाहावे. आमची नवी होडी आम्ही काठावर पाण्याने भरून पाहिली. नाना त्यात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. होडी खाली गेली नाही. आबा काठावर बसले होते. ते म्हणाले, “आता जा.”