कीटकाची आकृती पुरे, कीटक पाहा!

शाळा सुरू होण्याच्या सुमारास पहिला पाऊस पडतो आणि मेढा परिसरात दिव्याभोवती भुंगेरे घिरट्या घालू लागतात. वर्गात मात्र कीटक येतो तो फळ्यावरच्या आकृतीच्या रूपाने. डोके, वक्ष, उदर. पायांच्या तीन जोड्या. शृंगिकांची एक जोडी. आकृतीला नावे दिली की धडा संपला. पण याच विद्यार्थ्याने कोळ्याला कीटक म्हटले, तर त्या आकृतीचा उपयोग तो काय? कोळ्याला पाय आठ असतात आणि शृंगिका मुळीच नसतात, हे पाहायला दोन मिनिटे पुरतात.

माझे मत असे की, कीटकाची बाह्यरचना पाठ करण्याचा विषय नव्हे, ‘असे का?’ विचारण्याचा विषय आहे. आणि त्याचे उत्तर शोधताना जीवशास्त्राच्या तासाला पदार्थविज्ञानही बोलवावे लागते.

आपला सांगाडा शरीराच्या आत, कीटकाचा बाहेर. कायटिन आणि प्रथिने यांचे हे कवच म्हणजे पोकळ नळ्यांची जोडणीच होय. तेवढ्याच वजनाच्या भरीव काडीपेक्षा पोकळ नळी सहजासहजी वाकत नाही. वेळू आणि सायकलची चौकट यांच्या बळकटीचे रहस्य हेच आहे. मग हत्तीएवढा कीटक का नाही? लांबी शंभरपट वाढवली, तर पायाच्या छेदाचे क्षेत्रफळ दहा हजारपट वाढते, पण वजन दहा लाखपट! म्हणजे पायाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर शंभरपट भार येतो. हा हिशेब गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हाडांच्या संदर्भात मांडला होता. कीटकाच्या आकाराला इतरही मर्यादा आहेत. त्याच्या शरीरात प्राणवायू बारीक नळ्यांतून पोहोचतो आणि कवच वाढत नसल्याने त्याला वेळोवेळी कात टाकावी लागते.

लहान असण्याचीही किंमत असते. शरीर जितके लहान, तितका आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त, आणि पाणी उडून जाण्याचा धोकाही जास्त. म्हणून कवचावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. व्हिन्सेंट विगल्सवर्थ या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने १९४५ साली दाखवून दिले की, खरखरीत पुडीने हा थर ओरखडला गेला की कीटकाच्या शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. आता आपल्या आजीला आठवा. कडधान्याला राख चोळून ठेवण्याची तिची रीत अडाणीपणाची नव्हती. राखेचे बारीक कण किडीच्या कवचावर हाच घाला घालतात. आकृतीला नावे देणाऱ्या किती मुलांना हा संबंध सांगितला जातो?

सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात तर हा प्रश्न पोटापाण्याचा आहे. उसाची मुळे खाणारी हुमणी ही भुंगेऱ्याची अळी होय. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वाकलेले शरीर आणि डोक्यामागे पायांच्या तीन जोड्या, ही तिची खूण. गांडुळाला पाय नसतात. तो शेतकऱ्याचा मित्र. हुमणीच्या एका प्रमुख जातीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर रात्री कडुनिंब-बाभळीवर जमतात. त्यांचे पुढचे पंख उडण्यासाठी नव्हे, तर झाकणासारखे कठीण असतात. म्हणून जमिनीतून वर येताना मागचे नाजूक पंख फाटत नाहीत. भुंगेरे याच वेळी झाडावरून पाडून गोळा केले, तर अंडी घालणाऱ्या माद्या कमी होतात. रूप ओळखले की वेळ कळते. वेळ कळली की विषारी औषधाची गरज कमी होते.

शिक्षक म्हणतील, परीक्षेत आकृतीच विचारतात, वेळ कोठून आणायचा? अडचण खरी आहे. पण ज्याने कीटक नीट पाहिला, त्याला आकृती पाठ करावी लागत नाही. पाठांतराला जाणाऱ्या चार तासांपैकी एक तास भिंगाला द्यावा, एवढेच मागणे आहे.

त्यासाठी कीटक मारण्याचेही कारण नाही. वेण्णेकाठच्या गवताच्या पात्यावर चतुराची वाळलेली कात चिकटलेली सापडू शकते. ती भिंगाखाली धरा. पाठीवरची चीर शोधा, पाय मोजा, ते शरीराच्या कोणत्या भागाला जोडलेले आहेत ते पाहा, लांबी मोजपट्टीने मोजून लिहा. मग वही मिटून आकृती काढा. ती थोडी वेडीवाकडी येईल, पण ती तुमची स्वतःची असेल.