भूमिहीनांचा कायदा आणि अमेरिकेचा न्याय
बौद्ध बंधुभगिनींनो, लोकशाहीची ग्वाही देणाऱ्या अमेरिकेचे ग्वाटेमालातील कृत्य पाहा. १९५२ साली अध्यक्ष आर्बेन्झ यांनी बड्या मालकांच्या पडीक जमिनी भूमिहीनांस देण्याचा कायदा केला. युनायटेड फ्रूट कंपनीने करासाठी स्वतःच नोंदविलेली किंमत, सुमारे ६ लाख २७ हजार डॉलर, सरकारने भरपाई म्हणून देऊ केली. अमेरिकन परराष्ट्र खात्याने १ कोटी ५८ लाख मागितले! कर भरताना माती, भरपाई घेताना सोने. हा कोणता न्याय? १९५४ साली साम्यवादाचा बागुलबुवा दाखवून सी.आय.ए.ने ते लोकनियुक्त सरकार पाडविले. मिळालेली जमीन भूमिहीनांकडून पुन्हा हिरावली गेली. १९६४ च्या भूमिसत्याग्रहात तुरुंग भोगलेल्या आपल्या समाजाने हे ओळखावे: भूमिहीनाच्या हाती जमीन येताच जी त्याची वैरीण होते, ती लोकशाही नव्हे, मालकशाही होय. जय भीम!