रुग्ण एक, मालक पाच

करमाडहून जालना रोडने शहराकडे निघा. तासाभरात सरकार पाच वेळा बदलतं. गावाकडचं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. शेंद्र्यातल्या विमाधारक कामगाराचा ईएसआय कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा. चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं. शहरातले दवाखाने महापालिकेचे. आणि सगळे शेवटी जिथे धाडतात ती घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाची.

आमच्याकडच्या अडलेल्या बाईला हे काही ठाऊक नसतं. तिच्या हातात चिठ्ठी पडते : 'पुढे न्या'. पुढे म्हणजे दुसऱ्या खात्याच्या दारात. तिथे खाट आहे का, रक्त आहे का, याचा जाब चिठ्ठी देणाऱ्याला कुणी विचारत नाही. वाटेत काही बरंवाईट झालं, तर पाचही फाइली स्वच्छ निघतात. माझा आक्षेप डॉक्टर-नर्सवर नाही, या मांडणीवर आहे.

'पैसा नाही, माणसं नाहीत' हे खरंच आहे. पण जबाबदार कोण हेच ठरलं नसेल, तर वाढीव पैसाही पाच दारांत विरतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. तेव्हा एका खासदाराने अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. झाडू हातात देणं सोपं होतं. औषधखरेदी आणि पदभरती जिथे अडते, त्या मंत्रालयात झाडू कुणी नेला नाही.

उपचार आणि प्रतिबंध प्रशासनाच्या प्रत्येक पातळीवर एकत्र आणा, असं भोर समितीने १९४६ मध्येच सांगितलं होतं. आपण उलटं केलं. घटनेने आरोग्य राज्याकडे दिलं, राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा बहुतांश पैसा आणि नियम दिल्लीतून येतात, आणि दारोदार फिरणारी आशाताई कुणाचीच कर्मचारी नाही, ती 'स्वयंसेविका'!

काही म्हणतील, वैद्यकीय महाविद्यालयाचं काम वेगळं असतं. असू द्या. शिकवणं त्यांच्याकडेच राहू द्या. पण जिल्ह्यातल्या खाटा, ॲम्ब्युलन्स, औषधसाठा आणि 'पुढे न्या'ची चिठ्ठी एकाच जिल्हा आरोग्य प्राधिकरणाखाली आणा. कुठे किती खाटा रिकाम्या आहेत, हे रोज मोबाइलवर दिसू द्या. रेल्वेचं तिकीट कन्फर्म आहे की वेटिंगला, हे आपल्याला घरबसल्या कळतं. बाळंतिणीची खाट का कळू नये?

पुढचा उमेदवार मत मागायला आला, की त्याला नव्या इमारतीबद्दल विचारू नका. एवढंच विचारा : चिठ्ठी दिल्यावर पेशंट कुणाचा?