आठवडाभराचे यजमान

जपानमधलं बेप्पू हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं शहर. तिथल्या डोंगरावर २००० साली रित्सुमेइकान आशिया पॅसिफिक विद्यापीठ सुरू झालं. तिथले जवळपास निम्मे विद्यार्थी परदेशांतून येतात. एकेका देशाचे विद्यार्थी आठवडाभर यजमान होतात. उपाहारगृहात त्यांचे पदार्थ, आवारात त्यांचा पेहराव आणि शेवटी रंगमंचावर मोठा कार्यक्रम. इंडोनेशियाच्या नाचात जपानी मुलंही उतरतात, आणि आम्हाला तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

मराठी घरांतली मुलं आता शिकायला जगभर जातात. म्हणून अशा आठवड्यांवर हा अंक.

उत्सवापेक्षा तालमींकडे आम्ही अधिक पाहिलं आहे: एका आठवड्यात भारत दाखवायचा, तर काय निवडायचं आणि ते कोण ठरवणार? तुम्ही परदेशी मित्रांना लेझीम शिकवली असेल, तर तो अनुभव आम्हाला जरूर कळवा.