नाटक सुरू व्हायच्या आधीची वीस मिनिटं

‘भंडाऱ्यात राहून काय लाइव्ह म्युझिक ऐकणार बे?’ हे वाक्य तुम्हीही कधीतरी बोलला असाल. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नवी मुंबईत आलं तेव्हा तर आपण सगळेच बोललो. तिकीट २,५०० रुपयांपासून ३५,००० पर्यंत, वरून प्रवासाचा खर्च. शेवटी २६ जानेवारीचा अहमदाबादचा शो अनेकांनी मोबाइलवर पाहिला आणि समाधान मानलं.

आज दुसऱ्या एका ब्रिटिश बँडची गोष्ट सांगतो. आर्क्टिक मंकीज. २००२ मध्ये शेफिल्डच्या पोरांनी सुरू केलेला बँड. शेफिल्ड म्हणजे लंडन नव्हे, पोलाद कारखान्यांचं गाव. २००३ मध्ये तिथल्याच एका पबमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. शोला आलेल्यांना ते आपल्या गाण्यांच्या सीडी फुकट वाटायचे. ऐकणाऱ्यांनी ती गाणी इंटरनेटवरून पसरवली. अल्बम यायच्या आधीच लोकांना गाणी पाठ! जानेवारी २००६ मध्ये पहिला अल्बम आला आणि आठवडाभरात साडेतीन लाखांवर प्रती खपल्या. पुढे २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात ते वाजवून आले.

यात आपल्या कामाच्या गोष्टी दोन. एक, मोठ्या कंपनीची वाट न पाहता त्यांनी आधी समोर बसलेला श्रोता कमावला. दुसरी, ते गायले ते आपल्या गावच्या गोष्टी, आणि तेही आपल्या गावच्या उच्चारात. लंडनवाले हसतील म्हणून त्यांनी बोली लपवली नाही.

आता आपल्याकडे बघा. धान निघालं, दिवाळी झाली की झाडीपट्टीत काय सुरू होतं? नाटक! मंडई असो की शंकरपट, रात्री नाटक हवंच. वडसा म्हणजे देसाईगंजच्या कंपन्या भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या गावागावांत जातात. गावचं मंडळ कंपनी ठरवतं, लोक तिकीट काढतात आणि पहाटेपर्यंत बसतात. स्टेजपुढे ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड वाजवणारे खरेखुरे वादक असतात. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे ‘इथं लाइव्ह काहीच नाही’ हे आपलं म्हणणं साफ खोटं आहे. लाइव्ह आहे, आपणच तिथं नाही. गेलो तरी मागं उभं राहून डान्सला शिट्ट्या मारायला.

पहिली गोष्ट झाडीपट्टीला जमली आहे. समोरचा प्रेक्षक तिनं कमावला, आणि तिकिटावर. गाडी अडते ती दुसऱ्या गोष्टीवर. मी पाहिलेल्या बहुतेक नाटकांत नायक-नायिका पुस्तकी मराठीत रडतात, आणि झाडीबोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. म्हणजे आपली बोली हसायला चालते, प्रेम करायला चालत नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिलं. आणि आपण? कॉलेजसाठी नागपूरला गेलो की आठ दिवसांत ‘पानी’चं ‘पाणी’ करतो. ‘पाणी’ म्हणण्यात चूक नाही. ‘पानी’ म्हणायची लाज वाटते, चूक तिथं आहे.

गिटार शिकणारी, रॅप लिहिणारी पोरं-पोरी आज तुमसरपासून लाखांदूरपर्यंत आहेत. पण गॅदरिंगला गातात काय? हिंदी सिनेमाची गाणी. ती आपल्यापेक्षा चांगली गाणारे हजारो आहेत. मात्र रोवणीच्या चिखलावर, गोसेखुर्दच्या पाण्यात गेलेल्या गावावर किंवा कामासाठी नागपूरला गेलेल्या भावावर गाणं लिहायचं झालं, तर ते आपल्याशिवाय कोण लिहिणार?

काही जण म्हणतील, झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला तुमचं गिटार झेपणार नाही. राजेहो, ऑक्टोपॅड तरी कुठं इथला होता? तो आला आणि रमला. प्रेक्षकाला वाद्याचं वावडं नसतं, परकेपणाचं असतं.

म्हणून मंडळांना एक मागणी आहे. यंदाच्या हंगामात नाटकाच्या आधी वीस मिनिटं गावातल्या पोरापोरींना द्या. अट एकच: गाणं स्वतःचं हवं आणि आपल्या बोलीत हवं. स्टेज, माइक, लाइट तयारच असतात, वेगळा खर्च नाही. वेळेचं म्हणाल, तर दहाचं नाटक दहाला सुरू झालेलं कुणी पाहिलंय?

आणि तुम्ही? मंडळानं ‘हो’ म्हटलं तर तुमच्याकडं गायला एक तरी गाणं आहे का? नसेल तर आजच लिहायला घ्या. धान निघायला फार दिवस नाहीत.